रिपीटरला यागी नकोच म्हणणाऱ्यांना

पंचगंगाकाठ
परवा आपल्या हॅम रेडिओवाल्यांच्या चर्चेत एकानं ठणकावून लिहिलं, "रिपीटरला चारी दिशांना फेकणारी काठी-अँटेनाच लागते, एकाच दिशेला झोत टाकणारी यागी अँटेना लावणाऱ्याला रिपीटर कळलेलाच नाही." वाचता वाचता माझा चहा गार झाला. अहो, सगळ्यांचं बोलणं ऐकून ते जोरात पुन्हा फेकणारा आपला रिपीटर बसणार पन्हाळ्याच्या अंगाला. बोलणारे कुठं? शहर, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ. सगळे पूर्वेला. मग सह्याद्रीच्या कड्यांना काय गप्पा ऐकवायच्यात? तीन एलिमेंटची, म्हणजे तीन दांड्यांची, बरी यागी ५-६ डीबीडी (साध्या डायपोल अँटेनापेक्षा तेवढे डेसिबल जास्त) देते, म्हणजे त्या दिशेला तिप्पट-चौपट जोर. आणि ही वाढ, म्हणजे गेन, ऐकतानाही मिळतो, हे लोक विसरतात. शिरोळात पाण्यात उभ्या माणसाला रिपीटर ऐकू येतो, पण त्याच्या हँडीचे, म्हणजे हातातल्या वायरलेसचे, ५ वॅट वर पोचत नाहीत. रिपीटरची पॉवर वाढवून ते दुखणं बरं होत नाही.

वरचा_पाऊस
ते "एकानं" म्हणजे मीच. नाव घ्यायला लाजू नका. पाणी शिरोळात चढतं, पण पाऊस पडतो गगनबावड्यात आणि राधानगरीत. २०१९ ला आमच्याकडं मोबाईल मुके झाले, तेव्हा धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचं खाली कळवायला माझ्याकडं हँडीच होती. तुमच्या यागीच्या पाठीमागं बसून मी काय शंख फुंकू? राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फूट, म्हणजे धोक्याच्या पातळीला, गेल्यावर जागं होणाऱ्यांनी अँटेनाची दिशा ठरवू नये.

पंचगंगाकाठ
मग दोन यागी लावू. एक पूर्वेला, एक तुमच्यासाठी नैर्ऋत्येला. झालं समाधान?

सोल्डरवाला
नाही झालं. दोन यागी एका केबलवर घेतल्या की पॉवर निम्मी-निम्मी, प्रत्येकीचे ३ डेसिबल गेले. वर दोघींचे झोत जिथं भेटतात तिथं सिग्नलला खड्डे पडतात. आणि उभी यागी लोखंडी पाइपला मधोमध आवळलीत तर पाइपच एलिमेंट होऊन बसतो. मागच्या टोकाला धरा, नाहीतर आडव्या हातावर.
पण आधी केबल सांगा. मागं एका ठिकाणी ३० मीटर आरजी-५८ ही बारीक केबल टाकलेली बघितली. तिथंच ६ डेसिबल खलास. यागीनं कमवायचं आणि केबलनं उडवायचं.

गंगावेस
रेडिओला ५० ओहमची केबल लागते म्हणतात, मी टीव्हीवाल्यांची जाड ७५ ओहमची दहा वर्षं वापरतोय. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या लाटेचं माप, १.२. एक म्हणजे उत्तम. नाद करायचा नाही.

सोल्डरवाला
मीटरवर काटा पडला म्हणजे केबल चांगली, हे कुठल्या तालमीत शिकवतात? पाणी शिरलेली केबल परत येणारी लाटसुद्धा गिळते, म्हणून आकडा छान दिसतो. माझ्याकडं एकदा १.१ दिसत होता. वर जाऊन बघितलं, तर अँटेना वाऱ्यानं निखळून केबलला लोंबत होती.

गंगावेस
काका, तुम्ही वर शेवटचं कधी गेला होता? चढतो आम्ही, टेप गुंडाळतो आम्ही, आणि शहाणपण मात्र तुमचं. माझी केबल कोरडी आहे.

सोल्डरवाला
२००५ च्या पुरात चढलो होतो. तू तेव्हा चौथीत असशील.

गंगावेस
तिसरीत. म्हणजे तेव्हापासून खालीच बसलाय.

गच्चीबंदी
भांडा, भांडा. तुम्हाला टेकडी तरी मिळणार आहे. आमच्या चेअरमनला माझी मीटरभर काठी बघून कॅन्सर आठवतो. मोबाईल टॉवरचं भाडं घेताना बरा आठवत नाही.

वरचा_पाऊस
केबल वाळली असेल तर मुद्द्यावर येऊ का? चार फोल्डेड डायपोल (दुमडलेल्या दांडीच्या साध्या अँटेना) एका पाइपवर घ्या. चार बाजूंना वाटले तर साधारण ६ डीबीडी, सगळे एकाच बाजूला केले तर ९ च्या आसपास. पूर्वेला झुकवा हवं तर. मागं कमी मिळेल, पण यागीमागं असतो तसा अंधार नसेल. एवढ्यावर मी गप्प बसतो.

पंचगंगाकाठ
म्हणजे शेवटी पूर्वेलाच झुकवायचं! हेच मी पहिल्यापासून सांगतोय, फक्त तुमच्या तोंडून ते जास्त शास्त्रीय वाटतं. डायपोल मान्य. मला रिपीटर कळत नाही, हे मान्य नाही. आणि नट-बोल्ट स्टेनलेसचेच. आपलं पाठवणं आणि ऐकणं यांच्या फ्रिक्वेन्सीत अंतर जेमतेम ६०० किलोहर्ट्झ, गंजलेला एक बोल्ट रिसीव्हरमध्ये खरखर ओतायला पुरतो. मग डुप्लेक्सर, म्हणजे एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा डबा, कितीचाही आणा.

गंगावेस
आणि वर चढणार कोण, ते कुणीच बोलेना. येतो रविवारी. केबल मी आणतो.

सोल्डरवाला
पन्नास ओहमची आण.