प्राप्तिकराची नोटीस आणि झोपलेला संत योसेफ

क्वार्टरगेटकर:
जय येशू. घरात रडता येत नाही, म्हणून इथं लिहितेय. मी घरून बिल्डिंगची ड्रॉइंग करून देते. एका कंपनीनं वर्षभर माझ्या प्रत्येक बिलातून १० टक्के टीडीएस, म्हणजे माझ्या वाटचा प्राप्तिकर, आधीच कापला, पण सरकारकडे भरलाच नाही. आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणाऱ्या २६ एएसमध्ये एक रुपया दिसत नाही. गेल्या आठवड्यात मलाच ८७,४०० रुपयांची मागणी आली. कंपनीत फोन कुणी उचलत नाही. लेकाची फीही याच महिन्यात भरायची आहे.

रात्री रोझरी, आमची जपमाळ, हातात घेते. पहिले दहा मणी नीट जातात. पुढे बोटं मण्यांवर आणि डोकं हिशेबात. बांगड्या गहाण टाकल्या तर किती येतील, सोसायटीचा मेंटेनन्स थांबवता येईल का. ओठांवर ‘नमो मारिये’ चालूच असतं. मग आणखी अपराधी वाटतं.

सासूबाईंनी नोटिशीची घडी करून झोपलेल्या संत योसेफाच्या, येशूच्या पालक पित्याच्या, मूर्तीखाली ठेवलीय. यजमान म्हणतात, ही अंधश्रद्धा. मला तसं वाटत नाही, पण उत्तरही देता आलं नाही. रविवारी पुण्याच्या सिटी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून विचार करत होते, सवाई माधवरावांनी दिलेल्या या जागेत १७९२ पासून माणसं आपली गाऱ्हाणी घेऊन येताहेत, त्यात करासाठी रडणारी मी एकटीच असेन का? अशा दिवसांत तुम्ही प्रार्थना कशी करता?

खडकीचा_अकाउंटंट:
ताई, आधी पैसे भरू नका आणि बांगड्यांना हात लावू नका. कर कापला गेला असेल तर तेवढ्या रकमेची वसुली तुमच्याकडून करता येत नाही, १९६१ च्या कायद्याचं कलम २०५ तेच सांगतं. प्रत्यक्ष कर मंडळानं १ जून २०१५ ला आणि पुन्हा ११ मार्च २०१६ ला आपल्या अधिकाऱ्यांना तशा सूचनाही दिल्यात. पोर्टलवर ‘मागणी मान्य नाही’ असं उत्तर द्या. सोबत बिलं आणि बँक स्टेटमेंट जोडा. एक लाखाच्या बिलाचे ९० हजारच जमा झालेले दिसले की कपात सिद्ध होते. कंपनीला ईमेल करा, नुसते फोन नकोत. ३० दिवसांची मुदत चुकवू नका. एखाद्या सीएला कागद दाखवाच.

वडगावशेरी_आजोबा:
पोरी, पोप फ्रान्सिस जानेवारी २०१५ मध्ये मनिलाला गेले होते, तिथं त्यांनी स्वतःच सांगितलं की त्यांच्या टेबलावर झोपलेला योसेफ आहे आणि अडचण आली की ते ती कागदावर लिहून त्याच्याखाली ठेवतात. सूनबाईसाठी तुझ्या सासूनं तेच केलं. आणि योसेफ झोपेतून उठला की कामाला लागायचा, हे विसरू नकोस. देवदूतानं स्वप्नात सांगितलं, त्यानं रात्रीच मारियेला आणि बाळ येशूला घेऊन मिसरची, म्हणजे इजिप्तची, वाट धरली.

माझं दुकान बुडालं तेव्हा मी रोझरी सोडून दिली होती, इतकं मन लागत नसे. फक्त ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणायचो, तेही सावकाश. बायबलमधल्या संत मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या प्रार्थनेत ‘आमची ऋणे सोड’ असं आहे. मूळ ग्रीक शब्दही कर्जाचाच. संत लूकनं आपल्या शुभवर्तमानात तिथं ‘पापे’ लिहिलं. मत्तय कोण? कफर्णहूमच्या जकात नाक्यावर बसणारा. देणेकऱ्याचं तोंड कसं होतं, ते त्यानं रोज पाहिलेलं. त्या एका शब्दावर मी कित्येक रात्री काढल्यात. मणी मोजताना बांगड्या आठवल्या तर बांगड्यांचंच नाव घे आणि पुढं हो. मारियाही गरिबाच्या घरची बाई, तिला त्यात परकं काही वाटणार नाही.

क्वार्टरगेटकर:
आजोबा, काल रात्री ‘ऋणे’पाशी थांबले. तिथंच बसून राहिले, किती वेळ ठाऊक नाही. आठ दिवसांनी पहिल्यांदा सलग झोप लागली. पैशांचं अजून काहीच सुटलेलं नाही.

दादा, आज बारा बिलं आणि स्टेटमेंट जोडून उत्तर पाठवलं. सीएला दाखवायला नोटीस हवी होती म्हणून ती योसेफाखालून काढली. सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या, “मग तिथं आता काय ठेवायचं?” मी झेरॉक्स काढून आणली. त्यांनी तिची तशीच चौकोनी घडी केली. ठेवताना मूर्ती यजमानांनी उचलून धरली.