शब्दचर्चा: आकडी, फेफरं, फिट... की नुसतं शहारणं?

माझी मुलगी 16 महिन्यांची आहे. गेल्या महिन्यापासून दिवसातून चार-पाच वेळा, बहुतेकदा जेवायला बसवलं की, तिची मान आणि खांदे एकदम थरथरतात. मुठी आवळलेल्या, हनुवटी छातीशी, जेमतेम चार-पाच सेकंद. मग लगेच पुढचा घास मागते. बालरोगतज्ज्ञांकडे दोनदा जाऊन आलो, मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. त्यामुळे औषधपाण्याचा सल्ला इथे मागत नाहीये. मला शब्दांबद्दल विचारायचंय, कारण आमच्या घरात गोंधळ शब्दांवरूनच झालाय.

माझ्या आईने पाहिलं आणि म्हणाली, "शहारते गं ती, अंगावर गार पाणी ओतल्यासारखी." सासूबाईंच्या मते ही आकडी. सांभाळायला येणाऱ्या मावशींनी शेजारी जाऊन "फेफरं येतं" असं सांगितलं, तेव्हापासून शेजारची मुलं खेळायला येत नाहीत. नवऱ्याने दवाखान्यात फोन करून "फिट्स येतात" म्हटलं, तर पलीकडून लगेच विचारलं, तोंडाला फेस आला का? चौघेही त्याच पाच सेकंदांबद्दल बोलत होते. या शब्दांत नक्की फरक काय? आणि डॉक्टरांसमोर कुठला वापरू?

प्रतिसाद, कोल्हापूरहून:

आकडी म्हणजे स्नायू आखडून अंग वाकडं होणं. आकडा जसा वळवलेला असतो तसे हातपाय वळतात, ही जोडणी मला तरी पटते. म्हणजे हा शब्द शरीराला काय होतंय ते सांगतो. फेफरं आणि मिरगी हे शब्द मात्र माणसाला चिकटतात. "त्याला आकडी आली" ही एक घटना झाली. "त्याला फेफरं आहे" म्हटलं की ओळखच झाली, लग्नाच्या बोलणीपर्यंत पिच्छा पुरवणारी. हे नुसतं लोकांच्या मनात नव्हतं, हिंदू विवाह कायद्यातसुद्धा होतं. वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्मार, म्हणजे हेच फेफरं (एपिलेप्सी), लिहिलेला होता, तो 1999 च्या दुरुस्तीने काढला.

अपस्मार म्हणजे स्मृती जाणं, भान हरपणं. चरकसंहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. नटराजाच्या पायाखालचा बुटका तोही अपस्मारच. सुश्रुताने लहान मुलांचे नऊ बालग्रह सांगितले, त्यातला एक स्कंदापस्मार. ग्रह म्हणजे पकडणारा. गंमत बघा, एपिलेप्सी हा ग्रीक शब्दही 'धरणे' याच अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. आणि आपली आजी "काहीतरी धरलंय पोरीला" म्हणते! आयुर्वेदात 'आक्षेप' हाही झटक्यांसाठीचा शब्द होता, आज तो फक्त हरकत घेण्यापुरता उरला.

प्रतिसाद, नाशिकहून:

ताई, तुमच्या सासूबाईंना दोष देऊ नका. आमच्याकडे आकडी म्हणजे तापातली, पाच वर्षांची झाली की मुलं त्यातून बाहेर येतात, असंच धरतात. फेफरं वेगळं. माझ्या मुलाला सव्वा वर्षाचा असताना तापात आकडी आली. डोळे फिरवले, दातखीळ बसली, ओठ निळे. एक बाई कांदा हुंगवायला धावली, दुसरी दातांत चमचा घालायला. मी घालू दिला नाही. हे काहीच करायचं नसतं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. ते दोन मिनिटं चाललं होतं, मला दोन तास वाटले.

प्रतिसाद, पुण्याहून (मी बालरोगतज्ज्ञ आहे):

वर म्हटलंय ते बरोबर. तापातले झटके साधारण 6 महिने ते 5 वर्षं या वयात येतात, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना. पाच मिनिटांच्या पुढे गेले तर थेट इस्पितळ गाठायचं.

धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: कुठलंच नाम वापरू नका, क्रियापदं सांगा. मराठीत ती भरपूर आहेत. हुडहुडी भरली, कापरं भरलं, मानेला गचका बसला, झोपेत दचकली, अंग ताठ झालं, लुळी पडली, टक लावून बसली. यातलं प्रत्येक आमच्या दृष्टीने वेगळं आहे. हात धरला की थांबणारी थरथर एका दिशेला नेते, धरूनही न थांबणारा झटका दुसऱ्या. रडता रडता श्वास धरून निळं पडणारं मूल तिसऱ्याच, तिथे रक्तातलं लोह तपासावं लागतं. तुमच्या आईचा 'शहारणं' हा शब्द तर मला फार मोलाचा वाटतो. या वयात शहारल्यासारखी थरथर येणारी काही मुलं असतात, शुद्ध जात नाही, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) स्वच्छ येतो आणि पुढे ते आपोआप थांबतं. तुमच्या मुलीचं तेच आहे असं मी न बघता म्हणणार नाही. ईईजी स्वच्छ आला म्हणून झटके नाहीतच असंही नसतं.

1841 साली वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, स्वतःच्या तान्ह्या मुलाबद्दल. हाताशी रोगाचं पक्कं नाव नव्हतं, म्हणून त्याने दिसलं ते लिहिलं. डोकं गुडघ्यांकडे वाकतं, लगेच वर येतं, एका वेळी दहा-वीस वेळा, दिवसातून इतक्यांदा. त्या वाकण्यामुळे त्या झटक्यांना चक्क 'सलाम' असं नाव पडलं. आज त्या आजाराला वेस्टचं नाव आहे, आणि त्यात उपचार जितके लवकर तितकं बरं. पहिल्या वर्षातलं बाळ असे लागोपाठ सलाम करत असेल तर आठवडाभर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

धागाकर्ती:

कालपासून वही केलीय, मोबाइलवर तीन व्हिडिओही मिळाले. "सकाळी 8:10. वरणभात. मान पुढे, मुठी आवळल्या, 4 सेकंद. हाक मारली, बघितलं, हसली." मावशींनाही लिहायला सांगितलंय, त्या माझ्याहून नीट लिहितात.

एक शंका. दुपारी ती खिडकीकडे बघत बसली होती, मी 'तंद्री लागली' असं लिहिलंय. चालेल?

पुण्याहून:

तंद्री म्हणजे तुम्ही निदानच लिहिलंत. हाक मारून वळली का, आणि हात लावून वळली का, तेवढं लिहा.

धागाकर्ती:

आज परत बसली होती. हाकेला नाही वळली. गालाला बोट लावलं, लगेच वळली आणि कावळा दाखवला.