कोकण रेल्वेची अडचण लूपची आहे

'विद्युतीकरण झालं, आता मालगाड्यांमुळे एक्स्प्रेस रखडणार नाहीत' हे म्हणणं अर्धंच खरं. २०२२ पासून पूर्ण मार्गावर वीज आहे, पण रोहा-वीर दुहेरी पट्टा सोडला तर मार्ग एकेरीच. मुख्य लाइन आणि एकच लूप (गाडी बाजूला उभी करायचा जोडरूळ) असलेल्या स्थानकात लूपमध्ये मालगाडी उभी असेल, तर तिथे दोन प्रवासी गाड्यांचं क्रॉसिंग, म्हणजे समोरासमोरून येऊन एकमेकींना ओलांडणं, होतच नाही. एकीला आधीच्याच स्थानकात थोपवावं लागतं. त्यात साडेसहाशे मीटरची मालगाडी ताशी ३० किमीने लूपमध्ये शिरताना रूळ बदलणाऱ्या काट्यांवरून जायलाच सव्वा मिनिट घेते. सुटताना ब्रेक मोकळे व्हायला ब्रेक पाइपमध्ये हवेचा दाब पुन्हा ५ किलो (प्रति चौरस सेंमी) होईपर्यंतचा वेळ वेगळाच! म्हणून खारेपाटण रोड, अचिर्णेसारखी मधली नवी क्रॉसिंग स्थानकं मला विजेपेक्षाही मोलाची वाटतात.