मृत्युपत्रात थोरल्याचं नाव नाही (व्हर्जिनिया, 1742)

नवऱ्याचं घराणं व्हर्जिनियाचं, सासूबाईंसाठी शोधतेय. घराण्यातल्या एका पूर्वजाच्या मृत्युपत्रात बायको आहे, दोन मुलगे आहेत, पिसांची गादी कुणाला द्यायची तेसुद्धा आहे. थोरला मात्र कुठेच नाही. तो या पूर्वजाचा मुलगाच नव्हता का?

— ताई, तसं धरू नका. मृत्युपत्रात न वाटलेली जमीन तेव्हा कायद्यानेच थोरल्याकडे जायची. काही बाप हयातीतच देऊन टाकत. थोरल्याने पुढे जमीन विकली असेल, तर ती कुणाकडून आली ते खरेदीखतात बघा.

— मृत्युपत्रावरचा महिना कोणता? 1752 पूर्वी तिथे वर्ष 25 मार्चला बदलायचं. फेब्रुवारी 1742 म्हणजे आपला 1743.

— फेब्रुवारीच आहे! आणि खत सापडलं: 'माझ्या वडिलांनी दिलेली 100 एकर'. सासूबाईंना वाचून दाखवताना दोघींचे डोळे भरून आले.