टेस्ट चालवणाऱ्या एक्स्टेन्शनचा इंटरफेस नव्याने बांधताना काय ठेवावं, काय काढावं?

प्रश्न

व्हीएस कोड या कोड एडिटरच्या एका टेस्ट एक्स्टेन्शनचा इंटरफेस बदलायचा आहे. सध्या साइडबारमध्ये स्वतःचा ट्री (टेस्टची उलगडणारी यादी), प्रत्येक टेस्टच्या डोक्यावर कोडलेन्सचं (कोडच्या ओळींमध्ये दिसणाऱ्या लिंकचं) ‘रन’ आणि ‘डीबग’, निकालासाठी वेगळा वेबव्ह्यू (एडिटरच्या आत उघडणारं वेबपान), असं सगळं हाताने बांधलेलं आहे. फोल्डर उघडताच सगळ्या फाइल वाचल्या जातात आणि एडिटर अडखळतो. फाइल सेव्ह केली की ट्री मिटतो, हिरव्या-लाल खुणा जातात. एडिटरच्या टेस्टिंग एपीआयवर (टेस्ट आणि निकाल एडिटरला कळवायच्या त्याच्या ठरलेल्या पद्धतीवर) जायचं नक्की आहे. सुरुवात कुठून करावी? कोडलेन्स ठेवावं का?

उत्तर १

सुरुवात टेस्टच्या आयडीपासून (प्रत्येक टेस्टच्या ओळखखुणेपासून) करा, दिसण्याचं नंतर बघू. हा एपीआय २०२१ मध्ये १.५९ आवृत्तीत पक्का झाला. ट्री, मार्जिनमधली खूण, फिल्टर, फेल झालेल्या टेस्ट पुन्हा चालवणं, अपेक्षित आणि प्रत्यक्ष निकालाचा डिफ, हे सगळं एडिटरच देतो. तुमचा वेबव्ह्यू त्यात गळून पडतो.

पण निकाल टेस्टच्या आयडीला चिकटतात. आयडीत ओळीचा क्रमांक घातलात, तर वर एक इम्पोर्ट वाढला तरी खालच्या सगळ्या टेस्ट नव्या ठरतात आणि त्यांचे निकाल जातात. फाइलसाठी यूआरआय (तिचा पूर्ण पत्ता), तिच्या आत गटाचं नाव, मग टेस्टचं नाव, एवढं पुरतं; आयडी भावंडांमध्ये वेगळा असला की झालं. एकाच नावाच्या दोन टेस्ट असतील (पॅरामीटर असलेल्या टेस्टमध्ये हे हमखास होतं) तर मागे अनुक्रम जोडा. नाहीतर ‘ॲड’ करताना दुसरी पहिलीची जागा घेते आणि ट्रीमध्ये एक टेस्ट गुपचूप कमी होते.

फाइल पुन्हा वाचली की ट्री नव्याने बांधू नका. त्याच आयडीचा आयटम (ट्रीमधली नोंद) असेल तर त्याचं लेबल आणि रेंज (कोडमधली जागा) बदला, नसेल तरच नवा करा, उरलेले काढून टाका. रेंजमध्ये ओळी शून्यापासून मोजल्या जातात. बरेच रनर (टेस्ट चालवणारे प्रोग्राम) एकपासून मोजतात, म्हणून खूण एक ओळ खाली दिसली की आधी तिथे बघा.

उत्तर २

अडखळण्याबद्दल: सुरुवातीला फक्त फाइलींची नावं शोधा, आत डोकावू नका. प्रत्येक फाइलच्या आयटमवर ‘कॅनरिझॉल्व्हचिल्ड्रन’ ट्रू ठेवा. वापरणाऱ्याने फाइल उलगडली की ‘रिझॉल्व्हहँडलर’ला तो आयटम मिळतो, तेव्हा पार्स करा (फाइल वाचून तिच्यातल्या टेस्ट शोधा). आयटमऐवजी अनडिफाइन्ड आलं तर मुळापासून शोध सुरू करायचा. एडिटरमध्ये उघडलेल्या फाइल मात्र लगेच पार्स कराव्या लागतात, नाहीतर ट्री उलगडेपर्यंत मार्जिनमध्ये खूणच येत नाही. टाइप करताना ३०० मिलिसेकंदांचा डिबाउन्स ठेवा, म्हणजे टायपिंग तेवढं थांबल्यावरच पार्स करा. अर्धवट कोडमुळे पार्स फसलं तर जुनी मुलं (त्या फाइलखालच्या नोंदी) तशीच राहू द्या. ती काढलीत तर प्रत्येक उघड्या कंसाला ट्री थरथरतो.

रन हँडलरमध्ये (‘रन’ दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) चुका जास्त होतात. ‘इन्क्लूड’ (चालवायच्या टेस्टची यादी) अनडिफाइन्ड आलं तर अर्थ ‘सगळ्या टेस्ट’ असा आहे. ‘एक्स्क्लूड’ (वगळायच्या टेस्टची यादी) पाळलंच पाहिजे, फिल्टर लावून चालवताना त्यावर भिस्त असते. प्रत्येक टेस्टला वेगळी प्रोसेस सुरू करू नका, फाइलवार गट करा. ‘रन.एंड’ फायनली ब्लॉकमध्येच (मध्ये चूक झाली तरी चालणाऱ्या भागात) हवं. ते राहिलं तर चक्र फिरतच राहतं. आउटपुटच्या ओळी कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड अशा जोडीने संपवा, नुसत्या लाइनफीडने मजकूर जिन्यासारखा उजवीकडे सरकत जातो. कालावधी मिलिसेकंदांत द्यायचा असतो. रनर सेकंद देत असेल तर हजाराने गुणा.

थांबवण्याचं बटण नीट तपासा. शेलमधून सुरू केलेल्या रनरमध्ये नुसता शेल मरतो आणि त्याने जन्माला घातलेली प्रोसेस चालूच राहते. सगळी प्रोसेस साखळी मारावी लागते.

उत्तर ३

कोडलेन्स काढा. ते उशिरा येतं, आल्यावर कोड एक ओळ खाली ढकलतं, आणि मार्जिनमधली खूण तेच काम जागा न खाता करते. अगदीच ठेवायचं तर सेटिंगमागे, डिफॉल्ट बंद.

जुन्या कमांड मात्र उडवू नका, लोकांनी त्यांना कीबोर्ड शॉर्टकट लावलेले असतात. आयडी तेच ठेवून आतून ‘टेस्टिंग.रनॲटकर्सर’ आणि ‘टेस्टिंग.रीरनलास्टरन’ या एडिटरच्या कमांड बोलवा.

फेल आणि एरर एकच रंगवू नका. असर्शन (टेस्टमधली अपेक्षेची तपासणी) चुकलं तर ‘फेल्ड’, कोड कंपाइलच झाला नाही तर ‘एरर्ड’. फेलच्या मेसेजला असर्शनच्या ओळीचं लोकेशन द्या, म्हणजे तो चुकलेल्या ओळीशीच दिसतो.

प्रश्नकर्ता

एका रेपोत अनेक पॅकेज आहेत आणि प्रत्येकाची कॉन्फिग वेगळी. कंट्रोलर (एपीआयमध्ये टेस्टचा ट्री सांभाळणारे ऑब्जेक्ट) किती करावेत?

उत्तर २

फ्रेमवर्कमागे एकच. पॅकेज हे मुळाशी असलेले आयटम करा आणि कॉन्फिग आयटमच्या वीकमॅपमध्ये (आयटम गेला की त्याची नोंदही सोडून देणाऱ्या मॅपमध्ये) जपा. रन प्रोफाइल मोजकेच ठेवा: रन, डीबग आणि हवं तर कव्हरेज (टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला ते). कव्हरेजचा एपीआय १.८८ मध्ये पक्का झाला, म्हणून तो वापरणार असाल तर पॅकेज.जेसनमधली इंजिनची किमान आवृत्ती तेवढी वाढवा. एखाद्या पॅकेजमध्ये डीबग चालत नसेल, तर डीबग प्रोफाइलला टॅग लावा आणि तोच टॅग फक्त चालणाऱ्या आयटमना द्या. बाकीच्यांवर डीबगचं बटणच येणार नाही.