सातवीच्या पोरांना ‘सेल्फ-एस्टीम’ कसं विचारायचं?

पाटीपेन्सिल: एम.एड.च्या प्रबंधासाठी प्रश्नावली मराठीत करतेय. मुलांची झोप, खाणं, खेळ, मोबाइल एकीकडे आणि सेल्फ-एस्टीम दुसरीकडे. रोझेनबर्ग यांची १९६५ची मोजपट्टी घेतलीय, दहा विधानं, पाच सुलटी (स्वतःला चांगलं म्हणणारी), पाच उलटी (स्वतःला कमी लेखणारी). ‘मला स्वतःबद्दल अजून आदर वाटायला हवा’ हे वाचून एका मुलीनं हात वर केला, “बाई, म्हणजे स्वतःला अहो म्हणायचं का?” अख्खा वर्ग हसला, मीही. आता ‘आदर’ आणि ‘आत्मसन्मान’ दोन्ही बाद. दुसरं काही सुचवा.

वरणफळ: स्वाभिमान. रुळलेला शब्द आहे की.

पाटीपेन्सिल: विचारून झालं. स्वाभिमानी म्हणजे कोण? “उधारी न ठेवणारा” आणि “कुणी बोललं की भांडणारा”. उत्तरं चूक नाहीत. पण स्वाभिमान चारचौघांत दिसतो. मला हवंय ते मूल एकटं असताना स्वतःला काय समजतं ते.

बखरवाला: मुळात ही कल्पनाच आपली नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सुरू होतात तीच ‘अमानित्वा’पासून.

वरणफळ: अमानित्व म्हणजे मानाची हाव नसणं. स्वतःला टाकाऊ समजणं नव्हे! ‘स्वतःला कमी लेखू नकोस’ हे आमची आजी रोज म्हणायची, तिनं कुठे मानसशास्त्र वाचलं होतं? आपल्याकडे टंचाई आहे ती स्वतःला चांगलं समजण्याच्या शब्दांची. पोर जरा ताठ बोललं की आगाऊ, शिष्ट, ‘मोठा आला शहाणा’.

उंबरठा: प्रश्नावलीत वेल-बीइंगला, म्हणजे एकूण बरं असण्याला, कोणता शब्द केलात? ‘स्वास्थ्य’ घेऊ नका. स्वस्थ म्हणजे स्वतःत स्थिर, पण घरोघरी ‘स्वस्थ बस’चा अर्थ एकच, हलू नकोस. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं धावपळ करा म्हणते. म्हणजे स्वास्थ्यासाठी स्वस्थ बसायचं नाही :)

बखरवाला: झोप-खाण्याला ‘जीवनशैली’सुद्धा म्हणू नका. लाइफस्टाइलचा कोरडा तर्जुमा. ‘दिनचर्या’ म्हणा.

वरणफळ: तर्जुमा अरबी बरं का, साहेब.

उंबरठा: ‘वळण’ का नको? अक्षराला वळण, पोराला वळण.

पाटीपेन्सिल: वळण मोठी माणसं लावतात, सवय आपसूक लागते. रात्री पांघरुणात मोबाइल बघायला कुणी वळण लावलेलं नसतं. म्हणून ‘सवयी’च ठेवलंय. पण खरी गोची पुढे आहे. ‘न्याहारी करतोस का?’ला अर्ध्या वर्गानं ‘नाही’ लिहिलं. खोदून विचारलं तर सगळे चहा-खारी खाऊन आलेले. न्याहारी म्हणजे भाकरी, खारी कशी चालेल! आकडे तसेच घेतले असते तर अर्धा वर्ग उपाशी निघाला असता.

बखरवाला: न्याहारी फारसी ‘नहार’वरून. ‘नाश्ता’ही तिकडचाच. शुद्ध मराठीत…

वरणफळ: …उपाशी राहायचं?

पाटीपेन्सिल: सध्या ‘मी जशी आहे तशी मला आवडते’ असं लिहिलंय. मुलांसाठी ‘जसा-तसा’. काल एकानं विचारलं, “बाई, घरच्यांना आवडत नसलो तरी हो लिहायचं का?” यावर कुणी बोलेल का?

उंबरठा: एक राहिलंच. आमच्याकडे चहाबरोबर खारी नसते, बटर असतं. आणि हे बटर म्हणजे लोणी नव्हे.

बखरवाला: बटरची व्युत्पत्ती कुणाला माहीत आहे?