मदत हवी आहे: 2 किलो ॲल्युमिनियम वितळवायला उष्णता किती? हिशोब आणि भट्टी जुळत नाहीये

मंडळी, घरीच छोटी इलेक्ट्रिक भट्टी केलीय, 2 किलोवॅटची कॉइल, ग्राफाइटची मूस (धातू वितळवायचं भांडं), चहूबाजूंनी फायरब्रिक. आधी कागदावर हिशोब मांडला, वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्मा (1 किलोचं तापमान 1 अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) गुणिले तापमानातला फरक (खोलीच्या 25 पासून वितळण्याच्या 660 अंशांपर्यंत), म्हणजे 2 × 0.9 × (660 − 25) = 1143 किलोज्यूल, त्याला 2 ने भागलं तर साडेनऊ मिनिटं. म्हटलं चला, दहा मिनिटांत काम फत्ते. ओतण्याजोगं व्हायला लागली 55 मिनिटं!! त्यातून थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारेचा) आकडा 660 च्या आसपास येऊन जो चिकटला तो हलेचना, मला वाटलं मीटर गंडला, झाकण उचलून बघितलं तर मधे गोळा तसाच आणि कडेने चकचकीत पातळ. कुठे चुकतंय? आणि तापमानात आधी 273 मिळवायचे असतात का?

उत्तर:
मीटर ठणठणीत आहे, तू अप्रकट उष्मा विसरलास. ॲल्युमिनियमला किलोमागे साधारण 397 किलोज्यूल नुसतं वितळायला लागतात, तापमान न वाढता, म्हणून आकडा चिकटला. 2 किलोचे झाले 794. शिवाय 0.9 हा आकडा खोलीच्या तापमानाचा, तापेल तसा तो वाढतो, सरासरी 1.05 धर, मग 1143 चे 1333 होतात. ओतायला 720 पर्यंत न्यायचं तर वर अजून 140. सगळं मिळून 2270 च्या आसपास, म्हणजे 19 मिनिटं.

आता तू दिलेस किती? 2 × 3300 सेकंद = 6600. उरलेले कुठे गेले तर विटांत! विटा 6 किलो असतील आणि सरासरी 400 पर्यंत तापल्या तर विशिष्ट उष्मा 1 धरून 2250, म्हणजे जवळपास धातूइतकेच. मग मूस, भिंतीतून झिरपणारी उष्णता आणि तुझं ते झाकण उचलून डोकावणं. 273 चं टेन्शन घेऊ नको, फरकच घ्यायचाय, दोन्हीकडे मिळवलेस तरी 635 च येणार.

भट्टी गार व्हायच्या आत दुसरा घाणा लावून बघ, पण तुकडे पूर्ण कोरडे हवेत, ओला तुकडा वितळलेल्या धातूत पडला तर वाफ होऊन धातू अंगावर उडतो.

प्रश्नकर्ता:
विटा वजन केल्या, साडेसात किलो निघाल्या 😅 लगेच लावलेला दुसरा घाणा 31 मिनिटांत झाला, झाकणाला हातही लावला नाही.